सॅन फ्रान्सिस्कोची 550 फुटांची रेघ: डाउनटाउनमधील उंचीमर्यादेचे एक प्रकरण

शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात इमारती किती उंच असाव्यात, हा प्रश्न अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने सुमारे पन्नास वर्षे सोडवला, मोडला आणि पुन्हा मांडला. या काळात उंचीचा आकडा 700 फुटांवरून 550 वर आला आणि पुढे एका ठिकाणी 1,000 वर गेला. या प्रवासात कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि तो का टिकला किंवा का टिकला नाही, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. सार्वजनिक पदावरील व्यक्ती आणि एक विद्यापीठीय संशोधक वगळता कोणाचेही नाव दिलेले नाही.

पार्श्वभूमी

तीन बाजूंनी पाणी आणि मधे टेकड्या अशी या शहराची घडण आहे. चढाच्या रस्त्यावर मागे वळून पाहिले की खाडी दिसते, आणि ती दिसत राहावी हा तेथील रहिवाशांना जवळपास मालकीहक्कच वाटतो. त्यामुळे उंच इमारतींवरचा पहिला मोठा झगडा डाउनटाउनमध्ये झालाच नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर किनाऱ्यावर 17 मजली निवासी इमारतींची एक जोडी उभी राहिली, मागच्या टेकडीवरील घरांच्या खिडक्यांतून खाडी नाहीशी झाली आणि 1964 मध्ये त्या किनारपट्टीवर 40 फुटांची मर्यादा आली.

डाउनटाउन त्या वेळी या वादाबाहेर होते, पण फार काळ नाही. 1969 मध्ये बँक ऑफ अमेरिकेची 52 मजली, 779 फूट उंचीची गडद तांबूस ग्रॅनाइटची इमारत पूर्ण झाली. 1972 मध्ये ट्रान्सअमेरिका कंपनीचा 853 फुटांचा निमुळता पिरॅमिड उभा राहिला. आज तो पोस्टकार्डांवर शहराची ओळख म्हणून छापला जातो, पण उभा राहत असताना त्याला कडवा विरोध झाला होता. शहराचे ‘मॅनहॅटनीकरण’ होत आहे, म्हणजे ते न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसारखे उंच इमारतींनी भरत आहे, हा शब्दप्रयोग याच काळात तेथील बोलण्यात रुळला.

1971 मध्ये कपड्यांच्या धंद्यातील एका व्यावसायिकाने पुढाकार घेऊन थेट मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला: मतदारांची मंजुरी असल्याशिवाय शहरात 72 फुटांहून, म्हणजे साधारण सहा मजल्यांहून उंच काही बांधू नये. हा प्रस्ताव पडला. पुढच्याच वर्षी डाउनटाउनसाठी 160 फूट आणि इतरत्र 40 फूट असा सौम्य प्रस्ताव आला, तोही पडला. मात्र या दोन मतदानांच्या दडपणाखाली नगररचना विभागाला स्वतःची भूमिका ठरवावी लागली. अ‍ॅलन जेकब्स तेव्हा विभागप्रमुख होते. 1971 चा नागरी रचना आराखडा आणि त्यापाठोपाठ 1972 मध्ये आलेले उंची व आकारमानाचे नकाशे हे त्यांच्या कारकिर्दीतील काम. या नकाशांनी शहरातील प्रत्येक भूखंडाला उंचीचा आकडा दिला. बहुतांश निवासी वस्तीला 40 फूट मिळाले, तर डाउनटाउनच्या गाभ्यात कमाल मर्यादा 700 फूट ठरली.

अडचण नेमकी कोणती होती

700 फूट ही मर्यादा नावालाच होती, कारण त्या उंचीपर्यंत जाणाऱ्या इमारती मुळातच मोजक्या असतात. बांधकामाचा वेग तिने कमी झाला नाही. उलट 1960 च्या दशकातील नियमांनुसार इमारतीपुढे मोकळा चौक सोडला की जास्तीचे चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून बांधता येणारे क्षेत्र, मिळत असे, आणि विकासक ते आनंदाने घेत. असे चौक कागदावर फार चांगले दिसत. प्रत्यक्षात उंच भिंतीवर आदळून खाली उतरणारा वारा तेथे इतका बोचरा असे की दुपारचा डबा घेऊन कोणी बसायला येत नसे.

पैशाची बाजूही होती. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कराचा दर साधारण एक टक्क्यावर बांधून टाकला आणि मालमत्तेचे मूल्य मुख्यतः खरेदीच्या वेळी किंवा नव्या बांधकामाच्या वेळीच नव्याने ठरेल अशी व्यवस्था केली. नव्या कार्यालयीन इमारती नगरपालिकेला त्यामुळे अधिकच हव्याहव्याशा झाल्या. त्या शहराला कर जास्त देतात की बस, पाणी आणि पोलीस यांवरचा खर्च जास्त करायला लावतात, यावर दोन्ही बाजूंनी हिशेब मांडले गेले आणि दोन्ही बाजूंना आपापला हिशेब पटला.

त्यातच जुन्या इमारती पडू लागल्या. युनियन स्क्वेअरलगतचे ‘सिटी ऑफ पॅरिस’ हे जुने वस्त्रभांडार वाचवण्यासाठी मोठी मोहीम झाली, तरी 1980 च्या दशकाच्या तोंडावर ते पाडून त्या जागी नवे दुकान बांधण्यात आले. जुन्या वास्तूचा रंगीत काचांचा घुमट तेवढा नव्या दुकानात बसवलेला आहे.

माझ्या मते या प्रकरणाची गुंतागुंत येथेच आहे. लोक ‘उंची’ हा एकच शब्द वापरत होते, पण तक्रारी तीन होत्या. रस्त्यावरचे आणि बागांमधले ऊन जाते, ही पहिली. कार्यालये इतक्या झपाट्याने वाढतात की घरे आणि बस पुरत नाहीत, ही दुसरी. जुने शहर डोळ्यांदेखत पुसले जाते, ही तिसरी. यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीला उंचीच्या आकड्याने थेट उत्तर मिळत नाही, कारण पाच 20 मजली इमारतींतही एका 100 मजली इमारतीइतकीच माणसे बसतात आणि त्यासाठी पाच जुन्या वास्तू पाडाव्या लागतात.

उन्हाची गोष्ट

पहिल्या तक्रारीविषयी मराठी वाचकाला थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपला अनुभव नेमका उलटा आहे. वैशाखात लक्ष्मी रोडवरून जाताना आपण सावलीची बाजू धरून चालतो. उंच इमारतीची सावली बागेवर पडते म्हणून कोणी आपल्याकडे मोर्चा काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैतही दुपारचे तापमान 20 अंशांच्या आसपास असते, समुद्रावरून धुके येते आणि वाऱ्याला धार असते. तेथे ऊन ही चैन नसून बाहेर बसता येण्याची अट आहे.

चायनाटाउनमधला पोर्ट्समथ स्क्वेअर पाहिला की हे कळते. दोन एकरांहूनही लहान असलेल्या या चौकात पत्ते आणि चिनी बुद्धिबळ खेळणारी म्हातारी माणसे दिवसभर बसलेली असतात. आजूबाजूची घरे म्हणजे एकेका खोलीत अख्खे कुटुंब, त्यामुळे हा चौक त्यांचा दिवाणखाना आहे. ऊन सरकते तसे खेळणारे टोळकेही खोके आणि पुठ्ठे उचलून सरकते. वित्तीय भागातल्या इमारती इथून हाकेच्या अंतरावर आहेत.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीटर बॉसेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउनटाउनच्या छोट्या प्रतिकृती बनवून कोणत्या इमारतीची सावली कधी आणि कुठे पडेल, वारा कसा वळेल, हे दाखवून दिले. वादाला प्रथमच मोजमाप मिळाले. जून 1984 मध्ये मतदारांनी प्रस्ताव ‘के’ मंजूर केला. त्यानुसार उद्यान आयोगाच्या ताब्यातील बागांवर, सूर्योदयानंतरच्या एका तासापासून सूर्यास्तापूर्वीच्या एका तासापर्यंत, 40 फुटांहून उंच नव्या बांधकामाची सावली पडणार असेल, तर ती नगण्य असल्याचे ठरल्याखेरीज परवानगी मिळणार नव्हती.

समोरचे पर्याय

1983 ते 1985 या काळात शहरापुढे जे मार्ग होते, त्यांतील पहिला होता काहीच न करण्याचा. 700 फुटांची मर्यादा आणि प्रत्येक प्रकल्पावर स्वतंत्र वाटाघाट, ही चालू पद्धत विकासकांना सोयीची आणि पालिकेलाही सवयीची होती, पण प्रत्येक मतदानात विरोधाचा जोर वाढत होता आणि 1983 चा वाढनियंत्रणाचा प्रस्ताव अगदी थोडक्यात पडला होता. हा मार्ग अवलंबला असता तर पुढचा प्रस्ताव पास होईल, हे पालिकेत सगळ्यांना दिसत होते.

दुसरा मार्ग 1971 सारखा सरसकट ठेंगणा आकडा लावण्याचा. तो समजायला सोपा, पण जमिनीच्या किमती आधीच उंच इमारती गृहीत धरून चढलेल्या असताना तो लावला तर मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक लहान भूखंडावर दबाव वाढतो, आणि लहान भूखंडांवर असतात त्या जुन्या वास्तूच. तिसरा मार्ग उंचीला हात न लावता दरवर्षी मंजूर होणाऱ्या कार्यालयीन क्षेत्राला कोटा लावण्याचा. चौथा मार्ग वाढ दुसरीकडे वळवण्याचा: मार्केट स्ट्रीटच्या उत्तरेकडील जुना गाभा राखावा आणि दक्षिणेला, बस टर्मिनलच्या परिसरात, इमारतींना वाट करून द्यावी. तेथे गोदामे, छापखाने आणि स्वस्त लॉज होते. त्यांच्या वतीने बोलणारे मात्र थोडे होते, आणि चौथा मार्ग सोपा वाटण्याचे तेही एक कारण असावे.

काय केले

महापौर डायान फाइनस्टाइन यांच्या प्रशासनाने 1983 मध्ये मांडलेला डाउनटाउन आराखडा 1985 मध्ये मंजूर झाला. त्यात वरील मार्गांतले तीन एकत्र बांधले होते. कमाल उंची 700 वरून 550 फुटांवर आणली गेली. कार्यालयीन गाभ्यातील मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते तो आकडा, ज्याला आपण एफएसआय म्हणतो, तो 14 वरून 9 वर आला. इमारतीचा वरचा भाग निमुळता करावा, चालण्याच्या जागी वाऱ्याचा वेग ताशी 11 मैलांच्या आणि बसण्याच्या जागी 7 मैलांच्या आत राहावा, असे नियम आले. सपाट डोक्याच्या पेट्यांऐवजी टोप्या घातलेल्या इमारती दिसू लागल्या. त्यांतील काही टोप्या आज पाहताना हसू येते, हे कबूल करायला हवे.

आराखड्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग जुन्या वास्तूंचा होता. 251 वास्तू महत्त्वाच्या ठरवून त्यांना संरक्षण दिले आणि सहा संवर्धन क्षेत्रे आखली. मालकाचे नुकसान कसे भरायचे, या प्रश्नाला उत्तर होते हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच आपल्या परिचयाचा टीडीआर. कल्पनेसाठी एक उदाहरण घेऊ. 10,000 चौरस फुटांच्या भूखंडावर जुन्या बँकेची 30,000 चौरस फुटांची दगडी इमारत आहे. निर्देशांक 9 असल्याने तेथे 90,000 चौरस फूट बांधता आले असते. न वापरलेले 60,000 चौरस फूट मालक विकू शकतो, आणि नवा विकासक ते घेऊन आपल्या भूखंडावर 9 च्या पुढे जाऊ शकतो. येथे खरी मेख निर्देशांक कमी करण्यात होती. तो 14 च राहिला असता तर कोणालाही जास्तीचे क्षेत्र विकत घेण्याची गरज पडली नसती.

मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला तेव्हा शहर बेटावर निर्माण होणारे हक्क उपनगरांत वापरायचे होते, आणि त्याचा भार कुठे पडला हे उपनगरांतील रस्त्यांवर दिसते. सॅन फ्रान्सिस्कोत हे हक्क डाउनटाउनच्या हद्दीतच खपवायचे होते, त्यामुळे ज्या भागाने वारसा जपायचा त्याच भागाने त्याची गर्दी सोसायची, असा हिशेब राहिला.

कोटाही आला: 50,000 चौरस फुटांपासून पुढच्या कार्यालयीन प्रकल्पांना मिळून वर्षाला 9.5 लाख चौरस फूट, तीन वर्षांसाठी. वाढविरोधी गटांना हे पुरेसे वाटले नाही, कारण आधीच मंजूर झालेले प्रकल्प त्यात मोजले जात नव्हते आणि तीन वर्षांनंतर काय, याला उत्तर नव्हते. नोव्हेंबर 1986 मध्ये त्यांनी आणलेला प्रस्ताव ‘एम’ निसटत्या बहुमताने मंजूर झाला. कोटा कायमचा झाला, जुन्या मंजुऱ्यांचा साठा संपेपर्यंत तो 4.75 लाखांवर आला, 25,000 चौरस फुटांपासूनचे प्रकल्पही त्यात आले, आणि तो बदलायचा तर मतदारांकडेच जाणे भाग पडले. कोट्यासाठी प्रकल्पांची आपसांत तुलना होऊ लागली. लोकांनी तिला ‘सौंदर्यस्पर्धा’ म्हटले.

काय झाले

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यालयांची बाजारपेठच मंदावली. न वापरलेला कोटा पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होत असल्याने तो साचत गेला आणि कित्येक वर्षे कोणालाच अडला नाही. दशकाच्या अखेरीस इंटरनेट कंपन्यांची लाट आली तेव्हा तो प्रथमच बोचू लागला. दरम्यान अनेक कंपन्यांनी कागदपत्रे आणि नोंदींसारखी पडद्यामागची कामे करणारी कार्यालये पूर्वेच्या उपनगरांत हलवली. विरोधक याचे खापर प्रस्ताव ‘एम’वर फोडतात, पण हे स्थलांतर त्याआधीच सुरू झाले होते, त्यामुळे तो आरोप मला पूर्णतः मान्य करता येत नाही.

550 फुटांच्या मर्यादेचा एक परिणाम मात्र नि:संशय तिचाच होता. जमीन महाग, वर छत ठरलेले, मग प्रत्येक विकासक छताला डोके टेकवूनच थांबतो. डोंगराच्या रेषेत उठावदार दिसावे असे शिखर न बनता खाडीवरून पाहणाऱ्याला टेबलासारखे सपाट पठार दिसू लागले. 1985 च्या आराखड्याने वरचा भाग बारीक करणाऱ्याला थोडी जास्त उंची देऊ केली होती, पण तेवढ्याने पठार मोडले नाही.

जुने बस टर्मिनल पाडून नवे बहुमार्गी स्थानक बांधायचे ठरले तेव्हा हा मुद्दा आणि पैशाची गरज एकत्र आली. 2012 च्या स्थानक परिसर आराखड्याने स्थानकालगतच्या एका भूखंडाला 1,000 फुटांपर्यंत आणि भोवतालच्या काहींना 550 हून बरीच अधिक उंची दिली. सार्वजनिक मालकीच्या जागा विकून आणि नव्या इमारतींवर शुल्क लावून स्थानकाच्या खर्चाचा एक भाग उभा करण्यात आला. तेथे उभा राहिलेला सेल्सफोर्स टॉवर छतावरच्या शोभेच्या मुकुटासह 1,070 फूट उंच असून 2018 मध्ये सुरू झाला, आणि ट्रान्सअमेरिका पिरॅमिडचा 1972 पासूनचा पहिला क्रमांक गेला. कोरोनानंतर चित्र पुन्हा उलटले. डाउनटाउनमधील कार्यालयांची साधारण एक तृतीयांश जागा रिकामी पडली आणि आता चर्चा रिकाम्या मजल्यांची घरे करता येतील का, याची आहे.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळे करता आले असते

1971 चा 72 फुटांचा प्रस्ताव पडणारच होता, असे म्हणणे सोपे आहे. तरी त्याने नगररचना विभागाला नकाशे करायला भाग पाडले, आणि त्या नकाशांनी निवासी वस्त्यांचे 40 फूट बांधून दिले. चूक झाली ती त्याच नकाशांत डाउनटाउनला 700 फूट देण्यात. तो आकडा कोणतीही तक्रार सोडवण्यासाठी ठरवलेला दिसत नाही. बांधले जात होते त्याच्या जरा वर तो ठेवला गेला, आणि पुढची तेरा वर्षे शहराला नियम असूनही नियम नसल्यासारखे काढावी लागली. निर्देशांक 1972 मध्येच उतरवला असता तर टीडीआरला बाजार तेव्हाच मिळाला असता आणि ‘सिटी ऑफ पॅरिस’च्या मालकाला पाडण्याखेरीज दुसरा हिशेब मांडता आला असता. तो त्याने मांडलाच असता असे नाही.

1985 मध्ये वाढ दक्षिणेला वळवताना तेथील छापखाने, लॉज आणि त्यांत राहणारी वृद्ध, एकटी माणसे यांच्यासाठी जुन्या वास्तूंना दिले तसे काहीच दिले गेले नाही. इमारतीला विकता येण्याजोगा हक्क मिळाला, भाडेकरूला मिळाला नाही. आपल्याकडच्या पुनर्विकासात भाडेकरूच्या संमतीचा प्रश्न निदान कागदावर तरी येतो.

प्रस्ताव ‘एम’ची कायमस्वरूपी संख्या हा तिसरा टप्पा. एकच आकडा मंदीत निरुपयोगी आणि तेजीत जाचक ठरतो, हे पहिल्या पंधरा वर्षांतच दिसले होते, तरी तो बदलायला मतदान लागत असल्याने कोणी हात घातला नाही. अखेर मार्च 2020 मध्ये मतदारांनी हा कोटा परवडणाऱ्या घरांच्या बांधणीशी जोडला. घरांची तक्रार मुळात 1980 च्या दशकातली. तिला कोट्यात जागा मिळायला चौतीस वर्षे लागली, आणि मिळाली त्याच महिन्यात कार्यालये ओस पडली.

उन्हाच्या नियमाचे मला सर्वाधिक कुतूहल वाटते, कारण तो सर्वांत नेमका होता आणि तरीही वाकला. मतदारांनी ‘नगण्य’ म्हणजे किती हे सांगितले नव्हते. 1989 मध्ये नगररचना आणि उद्यान या दोन आयोगांनी त्याला गणित दिले. बागेचे क्षेत्रफळ गुणिले वर्षातील मोजणीचे 3,721.4 तास, म्हणजे त्या बागेचे वर्षाचे ऊन, आणि त्यातील किती टक्के नवी सावली चालेल हे बागेगणिक ठरले. दोन एकरांहून लहान आणि आधीच 20 टक्क्यांहून जास्त सावलीत असलेल्या बागेसाठी उत्तर शून्य होते. पोर्ट्समथ स्क्वेअर याच वर्गातला. 2012 मध्ये स्थानकाजवळच्या उंच इमारतींची सावली काही बागांवर पोहोचणार हे स्पष्ट झाल्यावर त्याच दोन आयोगांनी युनियन स्क्वेअर आणि पोर्ट्समथ स्क्वेअर यांसह त्या बागांच्या मर्यादा वाढवून घेतल्या. मतदान घ्यावे लागले नाही, कारण आकडा आयोगांचा होता, मतदारांचा नव्हता. उलट, 2014 मध्ये बंदराच्या मालकीच्या किनाऱ्याबाबत मतदारांनी वेगळी वाट धरली: तेथील ठरलेली उंची ओलांडायची असेल तर प्रत्येक वेळी मतदान, असे त्यांनी थेट लिहून घेतले. प्रस्ताव ‘के’च्या मजकुरात मात्र किती सावली चालेल याचा आकडा तेव्हा नव्हता आणि आजही नाही.